आबांचं लिव्हर आणि मारुतीचे रोडगे

ज्यांच्या एका हातात हा अंक आणि दुसऱ्या हातात अनारसा आहे, त्यांनी आधी अनारसा संपवून घ्यावा आणि मग वाचावं. मी लिव्हरबद्दल लिहिणार आहे, तेही चरबी साठलेल्या लिव्हरबद्दल, आणि ऐन दिवाळीत कोणाच्या तोंडचा घास कडू करायची माझी इच्छा नाही. घरी मी हा विषय काढला की सगळे आपापली ताटं उचलून दुसऱ्या खोलीत जातात.

हिंगोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात मी लिव्हर तपासायचं मशीन चालवते. त्याआधी बरीच वर्षं एक्स-रे काढले. मोडलेल्या हाडांशी माझं चांगलं जमत होतं. हाड खोटं बोलत नाही, आणि मालक जेवून आलाय की उपाशी, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. लिव्हरचं तसं नाही. लिव्हर पोटाची चहाडी करतं.

मशीनचं थोडक्यात सांगते. लिव्हरमध्ये चरबी साठत गेली की ते आधी सुजतं आणि मग आतून बारीक बारीक वण पडून कडक व्हायला लागतं. दुखत नाही, खुपत नाही, त्यामुळं मालकाला पत्ताच नसतो. पूर्वी हा कडकपणा बघायला सुई घालून लिव्हरचा तुकडा काढावा लागे. आता आमचं मशीन बाहेरूनच कडकपणाचा आणि चरबीचा अंदाज देतं. माणसाला उताणं झोपवायचं, उजवा हात डोक्याखाली घ्यायला सांगायचा, बरगड्यांच्या फटीत थंडगार जेल लावायचं आणि त्यावर एक जाडसा दांडा टेकवायचा. दांडा हलकीशी टिचकी मारतो. टिचकीची लाट लिव्हरमधून पुढं जाते आणि मशीन तिचा वेग मोजतं. नांगरलेल्या काळ्या रानातून मोटरसायकल दमानं जाते आणि डांबरी सडकेवर सुसाट सुटते, तसंच हे. लाट दमानं गेली तर लिव्हर मऊ आणि आकडा लहान. सुसाट गेली तर लिव्हर कडक आणि आकडा मोठा. पाच-सहाच्या आसपास आकडा आला की आम्ही खूश असतो.

अट एकच. निदान तीन तास पोटात काही नको. जेवण झालं की लिव्हरकडं रक्ताचा लोंढा येतो, ते तट्ट फुगतं आणि मशीनला ते आहे त्याहून कडक वाटतं. ही अट सांगायला सोपी आहे. पण आमच्या भागात माणूस उपाशी घराबाहेर पडला तर घरातली बाई तो स्वतःचा अपमान समजते. त्यामुळं माझ्या खोलीत रोज एकच संवाद होतो.

"आजोबा, सकाळपासून काही खाल्लं?"

"काई न्हाई. चहा पेलो फकस्त."

"नुसता चहा?"

"चहात दोन टोस बुडिवले."

"मग खाल्लं ना!"

"टोस कुठं खाल्ला, बाई? त्यो तर बुडून गेला."

गिऱ्हाइकंही एकेक असतात. आखाडा बाळापूरकडचा एक हळदवाला आला होता. मी जेल लावलं आणि ते पिवळंधमक झालं. पुसलं, पुन्हा लावलं, पुन्हा पिवळं. म्हटलं, एवढी कावीळ, आणि हा माणूस चालत आलाच कसा? त्यानं शांतपणे सांगितलं, "म्याडम, हळद पालिश करून राहिलो होतो, तसाच आलो. आंघोळ करायची र्‍हायली." त्याचं लिव्हर एकदम ठणठणीत निघालं. चादर मात्र चार धुण्यांनंतरही पिवळी आहे.

कळमनुरीची एक सासू सुनेबरोबर आली होती. अहवालात चरबी निघाली. सून लगेच म्हणाली, "म्या तर लग्न झाल्यापासून सांगून राहिले, यांच्या अंगात चरबी हाय म्हणून. कोणी ऐकतंय का?" सासूनं मला तो अहवाल फाडून नवा द्यायला सांगितलं.

पण सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते सेनगाव तालुक्यातलं एक गाव. पुसेगावावरून पुढं जावं लागतं, एवढंच सांगते. नाव सांगत नाही, कारण मला तिथं अजून जेवायला जायचं असतं.

त्या गावचे रंगनाथ आबा हे दारूबंदी समितीचे अध्यक्ष. धोतर, पांढरी टोपी, हातात काठी आणि पोट असं की आबा ओसरीवर यायच्या आधी ते येऊन पोचायचं. त्याच काठीनं त्यांनी शिवारातली हातभट्टीची मडकी फोडली होती. जन्मात दारूच्या थेंबाला शिवले नाहीत, हे ते स्वतःच सांगत, न विचारता सांगत आणि बसस्टँडवर अनोळखी माणसालाही सांगत. त्या सुमारास गावच्या फाट्यावर देशी दारूचं दुकान काढायचा घाट काही जणांनी घातला होता. ग्रामसभा आठ दिवसांवर होती. दुकान अडवायचं तर आबांच्या शब्दावरच अडणार होतं, कारण गावात असा शब्द दुसऱ्या कोणाचा नव्हता.

आबांच्या डोक्यात एक युक्ती आली. दारूनं लिव्हर खराब होतं, हे गावाला डोळ्यांनी दाखवायचं. त्यांनी आमच्या डॉक्टरसाहेबांना फोन केला, "गावात या. अख्ख्या गावाचं लिव्हर बघून जा."

आम्ही मशीन जीपमध्ये घालून सकाळी गावात पोचलो. शाळेच्या एका वर्गात पलंग टाकला होता, खिडकीला चादर बांधली होती आणि दाराशी माइक घेतलेला माणूस उभा होता. गावभर गोवऱ्यांच्या धुराचा आणि तुपाचा वास सुटला होता. मला वाटलं, कोणाकडं तरी कार्यक्रम असेल.

"आधी माझं तपासा," आबा म्हणाले. "न पेणाऱ्याचं लिव्हर कसं र्‍हातं, हे गावाला कळू द्या. आकडा माइकवर सांगायचा."

डॉक्टर म्हणाले, "आबा, तपासणी ही ज्याची त्याची खाजगी गोष्ट असते."

"माझं लिव्हर गावाचं हाय," आबा म्हणाले.

मी विचारलं, "उपाशी आहात ना?"

"येकदम उपाशी."

आबा पलंगावर आडवे झाले. पलंगानं तक्रार केली, पण टिकला. बरगड्या सापडेपर्यंत माझे हात दुखायला लागले. अशा भरल्या देहासाठी वेगळा दांडा असतो, तो लावला. टिचकी बसली की आबा दर वेळी "जय बजरंग" म्हणत होते. शेवटी आकडा आला. मी काही बोलायच्या आत आबांनी मान वळवून तो पडद्यावर वाचला आणि तिथूनच ओरडले, "तेरा!"

माइकवाल्यानं पुकारा केला, "रंगनाथ आबा, तेरा!" बाहेर टाळ्यांचा कडकडाट झाला. शाळेतच बसलेलं गाव ते. जितका आकडा मोठा तितकं पोरगं हुशार, एवढंच त्याला ठाऊक.

डॉक्टर कोपऱ्यात दुसऱ्या पेशंटचं बीपी बघत होते, ते तसेच थांबले. तेवढ्यात आबांनी दाराकडं बघून हाक मारली, "आता त्या किसन्याला घ्या!"

किसन म्हणजे गावातला नामांकित पिणारा. अंगावर मांस नाही, डोळे लाल, आणि आबांनी हाकललं की चार पावलं मागं सरून पुन्हा उभा राहायचा, कोणाशी भांडण नाही. दुसरी बाजू दाखवायला आबांनी त्याला मुद्दाम बोलावून आणवलं होतं. तो गुपचूप आडवा झाला. रात्रीचा वास अजून येत होता, पण बरगड्या लगेच सापडल्या. आकडा पाच.

"किसन, पाच!" पुकारा झाला. बाहेर हशा पिकला. "किसन्या नापास!"

डॉक्टरांना आता राहवेना. साधे आणि खरे माणूस. त्यांनी माइक हातात घेतला आणि सांगितलं, की यात आकडा कमी तेवढं लिव्हर चांगलं.

मग मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "म्हंजे किसन्या पास?"

आबा शर्टाच्या गुंड्या लावत होते, त्यांची बोटं थांबली. काठी घेऊन ते बाहेर गेले. लोकांनी वाट दिली, पण नेहमीसारखा रामराम कोणी घातला नाही. त्यांची ती पाठमोरी चाल बघून मला फार वाईट वाटलं.

दुपारपर्यंत आम्ही तपासत राहिलो आणि जो येईल त्याचा आकडा वर. सडपातळ बायका, रानात राबणारे गडी, कोणीच सुटेना. डॉक्टर माझ्या कानाशी म्हणाले, "पाण्यात काही आहे का हो इथल्या?"

उलगडा केला तो आबांच्या बायकोनं, गोदाकाकूंनी. तपासणी संपल्यावर त्या दारात येऊन म्हणाल्या, "चला साहेब, चला म्याडम. तुमची ताटं झाकून ठिवलीत. गावाचं तर सकाळीच झालं."

"काय झालं सकाळी?" मी विचारलं.

झालं होतं असं, की गावाचं लिव्हर चांगलं निघावं म्हणून आबांनी मारुतीला रोडग्यांचा नवस बोलला होता. पहाटेपासून गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे रोडगे भाजले, ते कुस्करून तुपात भिजवले, वर तुरीचं वरण आणि वांग्याची भाजी. सगळं गाव पोटभर जेवून, हात धुऊन, ढेकर देऊन थेट माझ्या पलंगावर आलं होतं.

मी तडक आबांच्या ओसरीवर गेले. "आबा, तुम्ही तर म्हणालात उपाशी आहे!"

"उपाशीच व्हतो. परसाद घेतला फकस्त."

"प्रसाद म्हणजे जेवणच ना?"

"परसाद जेवणात कवा धरत्यात, म्याडम?"

"किती घेतला होता?"

"देवाच्या दारात मोजत न्हाईत," आबा म्हणाले.

आणि किसन? त्याचा आकडा का खरा निघाला? तर तोंडाला वास येतो म्हणून आबांनीच त्याला सकाळी पंगतीतून उठवलं होतं. अख्ख्या गावात खरा उपाशी तेवढा एकच होता.

डॉक्टरांनी सगळ्यांना समजावून सांगितलं, की भरल्या पोटी केलेली तपासणी खरी धरता येत नाही, आठ दिवसांनी येऊन फुकट परत करू. पण तोवर बातमी फाट्यावर पोचली होती. दुकानवाल्या गटानं ती उचलून धरली. आबा चोरून घेतात, नाहीतर लिव्हर असं होईलच कसं? दुसरा एक सिद्धांतही निघाला होता, की दारूनं लिव्हर मऊ पडतं, भिजत घातलेली डाळ नाही का मऊ पडत?

तीन-चार दिवसांनी मला गोदाकाकूंचा फोन आला. आवाज दबका होता. "म्याडम, खरं सांगा. यांनी कवा चोरून घेतली आसंल का? रोज सांजच्याला मारुतीला जातो म्हणून जातात आन लई येळ लावतात. आता मारुतीशी येवढं काय बोलायचं असतं?" मी म्हटलं, काकू, चरबीनंही लिव्हर खराब होतं, थेंबही न पिणाऱ्याचं होतं. त्या म्हणाल्या, "तुमी म्हणता ते बराबर आसंल. पर बायाच मला इचारून राहिल्या." घरातच शंका शिरली म्हटल्यावर ग्रामसभेत काय होणार, हे दिसत होतं.

ग्रामसभेच्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा गेलो. आबा खरंच उपाशी आहेत याची हमी कोण देणार, यावर गावात खल झाला होता. घरच्यांवर विश्वास नाही, दारूबंदीवाल्यांवर नाही, दुकानवाल्यांवरही नाही. शेवटी एकमतानं किसनला राखण ठेवलं, कारण आबांना खाताना पकडण्यात ज्याचा फायदा, पण जो कोणत्याच गटात नाही, असा तोच एक. आबांनी उलट अट घातली, की मग किसनवर मी राखण बसतो, यानं प्यायची नाही. झुंजूमुंजू झाल्यापासून दोघं मारुतीच्या ओट्यावर समोरासमोर बसले होते. आम्ही पोचलो तेव्हा किसन थरथरत होता आणि आबा सुकले होते.

"यांनी पाणी बी दोन घोटच पेलंय," किसननं मला सांगितलं. "पोट लई वरडतंय. मलाच तकलीफ व्हायली ऐकून."

मी आबांना पुन्हा आडवं केलं. या वेळी माइक नव्हता आणि आबा बजरंगाचं नावही घेत नव्हते. गावाचे आकडे बहुतेक सुधारले. किसनचा पुन्हा पाचच्या घरात. डॉक्टरांनी त्याला बजावलं, की हे नशीब आहे, परवाना नाही, असाच पीत राहिलास तर हेच लिव्हर दगड होईल. आबांचा आकडा तेरावरून नऊवर आला. चरबी मात्र काठोकाठ.

"म्हंजे?" आबांनी विचारलं.

"म्हणजे कडकपणा यायला लागलाय," डॉक्टर म्हणाले. "वजन उतरवा, तूप-साखर आवरा, चाला. वेळेवर लागलात तर परत मऊ होऊ शकतं."

"त्ये करीन मी. पर हे दारूनं झालं न्हाई, असं तुमचं मशीन सभेत सांगंल का?"

मी डॉक्टरांकडं बघितलं. मशीन कडकपणा सांगतं, त्याचं कारण सांगत नाही. तूप आणि दारू त्याला सारखीच. ही गोष्ट मला आजवर कधी खटकली नव्हती. त्या दिवशी त्या मशीनचा राग आला.

सभेत नेमका तोच प्रश्न आला. फाट्यावर दुकान काढू पाहणारा गडी उभा राहिला. "साहेब, छातीवर हात ठिवून सांगा. आबांचं लिव्हर दारूनं बिघडलं न्हाई, असं मशीन म्हणतं का?"

डॉक्टर उठले. खोटं बोलणं त्यांना जमत नाही. "मशीन तसं सांगू शकत नाही," ते म्हणाले.

गोदाकाकूंनी पदर तोंडाला लावला. आबा खाली बघत काठीच्या टोकानं मातीत रेघा ओढत होते. तेवढ्यात मागं, चपलांच्या ढिगाजवळ बसलेला किसन उभा राहिला.

"सरपंच, मशीनला न्हाई ठाऊक तर मला इचारा ना. मला काहून कोणी इचारत न्हाई?"

"तुला काय ठाऊक, किसन्या?"

"काय म्हंजे? या गावात कोण कोण पेतो, हे माझ्याबिगर कोणाला ठाऊक? कोण गोठ्यात पेतो, कोण मोटारीच्या खोलीत पेतो, कोण बायकू माहेरी गेल्यावरच पेतो. नावं घेऊ का?"

"नको, नको!" एकदम वीस-पंचवीस आवाज आले. दुकानवाला गडी तर नुसताच खाली बसला.

"न्हाई घेत. पर त्यात आबा न्हाईत. येवढी वर्सं झाली, आबा येकदा बी आमच्यात दिसले न्हाईत. दिसले ते काठी घेऊनच दिसले." असं म्हणून किसननं स्वतःच्या पाठीवरून हात फिरवला. "आन त्ये सांजच्याला मारुतीमागं जातात ना, त्ये पेढे खायला जातात. मी तिथंच निजलेला असतो. घरात काकू खाऊ देत न्हाईत म्हणून."

मग गोदाकाकू पदरात तोंड खुपसून हसायला लागल्या, आणि त्यांच्या मागून सगळ्या बायका. आबा लाजले. एवढा मोठा माणूस लाजलेला मी पहिल्यांदाच बघितला. बायकांचे हात वर गेले आणि दुकानाचा विषय तिथंच मिटला.

या खेपेला रोडगे तपासणीनंतर होते. पंगत बसली तशी किसन सवयीनं लांब जाऊन झाडाखाली उभा राहिला. आबा स्वतः उठले, त्याच्यापाशी गेले, दंडाला धरून घेऊन आले आणि आपल्या शेजारी बसवलं. पहिल्यांदा त्यांनी "किसनराव" म्हटलं, त्यावर किसननंच मागं वळून बघितलं, की कोण आलंय. मग त्यानं आबांच्या पत्रावळीतले दोन रोडगे उचलून आपल्या पत्रावळीत घेतले. "आबा, तुमचं लिव्हर," तो म्हणाला. आबांनी त्याच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला, पव्वा काढला आणि गोदाकाकूंकडं दिला. "आन हे तुझं लिव्हर." काकूंनी तो जाऊन चुलीच्या राखेत ओतला. किसन घास हातात धरून तिकडं बघत राहिला, पण उठला नाही.

मी चार रोडगे खाल्ले. माझं लिव्हर कोणी तपासलं नाही.

त्या गावानं मला एक गोष्ट शिकवली. उपाशी आहात का, हे मी आता पेशंटला विचारतच नाही. बरोबर आलेल्याला विचारते. आबा आणि किसन आता तपासणीला एकाच मोटरसायकलवर हिंगोलीला येतात आणि एकमेकांची साक्ष काढतात. हा पिऊन आला नाही, मी वास घेतलाय. हे खाऊन आले नाहीत, मी खिसे बघितलेत. सगळं सुरळीत झालंय असं नाही. पोळ्याला किसन घसरला होता आणि आबांच्या टोपीत एकदा पेढा सापडला. पण आबांचा आकडा उतरतोय आणि किसनचा चढलेला नाही.

गेल्या खेपेला किसन पहिल्यांदाच एकटा आला. म्हटलं, आबांना काही झालं की काय? तो म्हणाला, आबांकडं पाहुणे आलेत, म्हणून आज मी एसटीनं आलो. साक्षीला कोणी नव्हतं, तेव्हा त्यालाच विचारावं लागलं.

"उपाशी आहात ना, किसनराव?"

"व्हय, म्याडम, पक्का उपाशी," तो आडवा होत म्हणाला. "पर लवकर आटपा. आबांनी ताट झाकून ठिवलंय."